न्यूझीलंडमध्ये कुटुंबाचा पहिला मोटरहोम प्रवास: बुकिंगपासून गाडी परत देईपर्यंत

न्यूझीलंडच्या साउथ आयलंडवर मोटरहोम, म्हणजे झोपायची जागा, शेगडी आणि संडास आतच असलेली गाडी, चालवणं आपल्याला एका बाबतीत सोपं जातं: तिथेही वाहतूक डावीकडूनच चालते. नवशिक्या कुटुंबाची तारांबळ उडते ती रस्त्यावर कमी आणि गाडीच्या आत जास्त. पाणी, वीज आणि संडासाची टाकी या तिन्हींकडे रोज बघावं लागतं. हे पहिल्याच दिवशी नीट शिकून घ्या, पुढचे दहा दिवस निवांत जातील.

कधी जायचं, कोणती गाडी घ्यायची

आपल्याकडची बरीच कुटुंबं शाळांच्या सुट्टीत, म्हणजे एप्रिल-मेमध्ये जातात. तेव्हा तिथे पानगळीचे दिवस असतात. मेमध्ये साडेपाचपर्यंत सूर्य मावळतो आणि टेकापोसारख्या ठिकाणी रात्री कडाक्याची थंडी पडते. पहिल्या प्रवासाला दिवाळीची सुट्टी जास्त बरी. तेव्हा तिथे वसंत असतो आणि रात्री आठपर्यंत उजेड राहतो.

गाडी निवडताना झोपायच्या जागा मोजण्याआधी सीटबेल्ट मोजा. धावत्या गाडीत प्रत्येकाने बेल्ट लावून बसायचं असतं, मागच्या बेडवर कुणालाही झोपवता येत नाही. सात वर्षांखालच्या मुलाला मान्यताप्राप्त चाइल्ड सीट कायद्याने लागते आणि ती गाडीतल्या प्रत्येक सीटवर बसत नाही. म्हणून मुलांची वयं बुकिंग करतानाच कळवा. आजी-आजोबा सोबत असतील तर ड्रायव्हरच्या डोक्यावरचा बेड त्यांना देऊ नका. शिडी अरुंद असते आणि रात्री दोनदा उतरणं त्यांना झेपत नाही.

कारच्या लायसन्सवर 6,000 किलोपर्यंतची गाडी चालवता येते. लायसन्स इंग्रजीत हवं. आरटीओमधून इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिटही काढून ठेवा, भाड्याच्या काउंटरवर वाद राहत नाही. ऑटोमॅटिक हवी असेल तर लवकर बुक करा. हॉलिडे पार्क म्हणजे पैसे देऊन गाडी मुक्कामाला लावायची जागा. त्याबाहेर, मोकळ्या जागी मुक्काम करायचा विचार असेल तर गाडीला सेल्फ-कंटेन्डचं, म्हणजे पाणी, संडास आणि सांडपाण्याची सोय गाडीतच असल्याचं, हिरवं प्रमाणपत्र आहे का ते विचारा. 2023 च्या कायद्यानुसार त्यासाठी टॉयलेट गाडीत पक्कं बसवलेलं लागतं. प्रमाणपत्र असलं तरी कुठेही थांबता येतं असं नाही. प्रत्येक कौन्सिलचे (स्थानिक प्रशासनाचे) नियम वेगळे असतात आणि दंड 400 डॉलरपासून सुरू होतो.

सामान आणि खाणं

टणक सूटकेस गाडीत मावत नाहीत. घडी होणाऱ्या कापडी बॅगा घ्या. मध, ताजी फळं, कढीपत्ता, बियाणं घरीच ठेवा. बंद पाकिटातला मसाला, चटणी, लाडू जे काही न्याल ते विमानतळावर फॉर्ममध्ये जाहीर करा. बॅगेत विसरलेलं एक सफरचंदसुद्धा जागेवर 400 डॉलरला पडू शकतं. तळव्याला चिखल लागलेले ट्रेकिंगचे बूटही जाहीर करावे लागतात, म्हणून निघण्याआधी घासून धुवा. तांदूळ, डाळ, कणीक क्राइस्टचर्चमध्ये सहज मिळते. इथून न्यायचाच तर तीन लिटरचा कुकर न्या, गाडीतल्या शेगडीवर त्याहून मोठा नीट बसत नाही.

गाडी ताब्यात घेताना

मुंबईहून लांबचा प्रवास करून उतरलात की त्याच दिवशी गाडी घेऊ नका. एक रात्र हॉटेलात झोप काढा, सकाळी भाड्याच्या कंपनीच्या डेपोत जा आणि तासभर तरी तिथे द्या. कर्मचारी घाईत पंधरा मिनिटांत सगळं दाखवेल. एकाने सगळ्याचा मोबाइलवर व्हिडिओ काढावा, दुसऱ्याने प्रत्येक गोष्ट स्वतःच्या हाताने करून बघावी.

पिण्याच्या पाण्याचं झाकण आणि डिझेलचं झाकण कुठे आहे हे आधी बघा. दोन्ही कधी कधी एकाच बाजूला असतात आणि पाण्याच्या टाकीत डिझेल किंवा डिझेलच्या टाकीत पाणी भरलं जातं. असं झालं तर इंजिन किंवा पंप सुरू न करता कंपनीला फोन करा. हा खर्च सहसा विम्यात बसत नाही. मग गॅसचा मुख्य कॉक, फ्यूज, हीटर आणि बॅटरीचा मीटर बघून घ्या. गाडीची उंची कागदावर लिहून स्टिअरिंगजवळ चिकटवा. छताचं आणि गाडीच्या खालच्या भागाचं नुकसान बऱ्याच विम्यांतून वगळलेलं असतं, क्वीन्सटाउनजवळच्या स्किपर्स रोडवर झालेलं नुकसानही.

विजेचं गणित सोपं आहे. भिंतीतले 230 व्होल्टचे सॉकेट हॉलिडे पार्कची केबल जोडलेली असतानाच चालतात. एरवी दिवे, पाण्याचा पंप आणि यूएसबी बॅटरीवर चालतात. केबल असली तरी 2,000 वॉटची किटली आणि तेवढाच हीटर एकदम लावला की ट्रिप होतं.

पहिली रात्र जवळच काढा

पहिला मुक्काम क्राइस्टचर्चमधल्याच हॉलिडे पार्कमध्ये, वीज असलेल्या जागेवर ठेवा. काही चुकलं तर डेपो हाकेच्या अंतरावर असतो. दुसऱ्या दिवशी टेकापो, सुमारे 225 किलोमीटर. नकाशा तीन तास दाखवेल, तुम्ही चार धरा. तिसऱ्या दिवशी आओराकी/माउंट कुक, सुमारे 105 किलोमीटर. तिथल्या व्हाइट हॉर्स हिल कॅम्पग्राउंडवर वीज नाही, म्हणून पुढची रात्र ट्वायझेलला वीज असलेल्या जागेवर घ्या. वीज नसलेल्या एक-दोन रात्रींनंतर एक रात्र विजेची, असा क्रम ठेवला की बॅटरी आणि घरातली माणसं दोघंही ताजी राहतात.

पाण्याचा अंदाज असा. टाकी 100 लिटरची धरली आणि शॉवरमधून मिनिटाला 5 लिटर जात असेल, तर चौघांच्या तीन-तीन मिनिटांच्या आंघोळीत 60 लिटर संपतात. आंघोळी पार्कच्या बाथरूममध्येच उरका.

फोडणीला खास काळजी लागते. आधी छताची खिडकी आणि शेगडीजवळची खिडकी उघडा, पंखा लावा, मगच तेल तापवा. मोहरी तडतडून मिरचीचा ठसका उठला की स्मोक अलार्म केकाटतो आणि सगळं पार्क जागं होतं. अलार्मची बॅटरी मात्र काढू नका. ऊब यावी म्हणून शेगडी पेटती ठेवून झोपणं तर जीवघेणं आहे.

संडासाची टाकी

संडासाखालची ही काढता येणारी टाकी, म्हणजे कॅसेट, 17 ते 20 लिटरची असते आणि चौघांची दीड-दोन दिवसांत भरते. लाल दिवा लागायची वाट न बघता रोज डम्प स्टेशनवर, म्हणजे मैला ओतायच्या ठरलेल्या जागी, रिकामी करा. आधी आतून पाटीसारखं झाकण सरकवून बंद करा, ते उघडं असेल तर कॅसेट बाहेर येत नाही आणि ओढाताणीत कडी तुटते. बाहेरच्या दारातून कॅसेट काढा, नळी वळवा आणि ओतताना हवेचं बटण दाबून ठेवा. ते विसरलं की गचके बसत पाणी अंगावर उडतं. दोनदा विसळा, दोन लिटर पाणी आणि औषध घालून परत बसवा. हातमोजे आणि ठरलेला एकच माणूस, म्हणजे कुरकुर होत नाही.

रस्त्यावर

3,500 किलोहून जड गाडीला ताशी 90 किलोमीटरची मर्यादा आहे. मागे रांग लागली तर डावीकडे जागा मिळताच थांबून वाट द्या. एकपदरी पुलावर लाल गोलातला लहान बाण तुमच्या बाजूचा असेल तर समोरच्याला आधी जाऊ द्या. वळताना मागची शेपटी बाहेर फिरते, पेट्रोल पंपावर खांब आणि पार्कमध्ये कुंपण तिलाच लागतं. रिव्हर्स घेताना एकाने खाली उतरून आरशात दिसेल अशा जागी उभं राहावं. तो दिसेनासा झाला की ब्रेक दाबा. कॅंटरबरीत वायव्येचा वारा सुटला की उंच गाडी हलते, वेग कमी करा. आर्थर्स पासला किआ पक्षी खिडक्यांचे रबर सोलतात, त्यांना खाऊ घालू नका.

निघताना दर वेळी एकाच क्रमाने बघा: गॅसचा कॉक बंद, विजेची केबल गुंडाळलेली, छताची खिडकी मिटलेली, फ्रिजची कडी लावलेली, पायरी आत, कपाटं बंद. फ्रिजची कडी राहिली की पहिल्याच वळणावर दह्याचा डबा जमिनीवर येतो.

परतीच्या दिवशी डेपो बंद व्हायच्या किमान दोन तास आधी पोहोचा. कॅसेट आणि सांडपाणी रिकामं, डिझेल भरलेलं हवं. डिझेल गाडीवर किलोमीटरप्रमाणे रोड युजर चार्ज लागतो, म्हणून मीटरच्या आकड्याचा फोटो घेताना आणि देताना दोन्ही वेळा काढून ठेवा.