नोकरी सांभाळून केलेल्या कामांचा आयकर: या चुका टाळा

‘टीडीएस कापलाय, म्हणजे कर भरून झाला.’ नोकरी सांभाळून बाहेरची कामं घेणाऱ्यांकडून हे वाक्य मी दर जुलैत ऐकतो, आणि सगळ्यात जास्त फटका याच समजुतीचा बसतो. टीडीएस हा फक्त आधी कापून घेतलेला भाग. खरा कर तुमच्या स्लॅबप्रमाणे लागतो, आणि बाहेरची कमाई पगारात मिळवूनच स्लॅब ठरतो. ‘एवढ्याशा कमाईला सूट असते’ म्हणणाऱ्यांची ती सूट पगारातच वापरून झालेली असते.

माझ्या एका सहकाऱ्याला सॉफ्टवेअरच्या कामांचे वर्षभरात ३,६०,००० रुपये मिळाले. १० टक्क्यांनी ३६,००० कापले गेले. पगारामुळे हा ३० टक्क्यांच्या स्लॅबमध्ये. रिटर्न भरताना मात्र त्याने फॉर्म १६ मधला (कंपनीच्या पगार-टीडीएस दाखल्यातला) पगार तेवढा दाखवला, आयटीआर-१ हा पगारदारांचा सोपा फॉर्म भरला आणि ते ३६,००० रिफंड म्हणून मागितले! कुठल्याशा व्हिडिओतली युक्ती. रिफंड अडकला आणि विचारणा आली: क्रेडिट मागताय, पण ज्या उत्पन्नावर टीडीएस कापला ते कुठे आहे? मग बिलं काढून हिशेबाला बसलो. ४४एडीएनुसार, म्हणजे ठरावीक पेशांना खर्चाचा हिशेब न देता ठरलेला हिस्सा उत्पन्न धरू देणाऱ्या कलमानुसार, निम्मी रक्कम, म्हणजे १,८०,००० उत्पन्न धरलं. ३० टक्के कर आणि त्यावर ४ टक्के सेस मिळून ५६,१६०. कापलेले वजा जाता २०,१६० भरायचे निघाले, वर व्याज, आणि आयटीआर-४ मध्ये सुधारित रिटर्न. दहा मिनिटं वाचवायला गेला आणि महिनाभर झोप गेली.

व्याज लागलं ते आगाऊ कर न भरल्यामुळे. टीडीएस वजा जाऊन १०,००० किंवा त्याहून जास्त कर उरत असेल, तर तो वर्ष संपायच्या आत भरायचा असतो. एरवी १५ जून, १५ सप्टेंबर, १५ डिसेंबर आणि १५ मार्च असे हप्ते. ४४एडीए घेणाऱ्यांनी सगळा १५ मार्चपर्यंत. चुकलात तर एप्रिलपासून महिन्याला १ टक्का. माझी सवय साधी आहे. पैसे जमा झाले की त्याच दिवशी तिसरा हिस्सा वेगळ्या खात्यात टाकतो, आणि त्या खात्याचं कार्डच घेतलेलं नाही.

आता बाकीच्या चुका. आयटीआर-१ सोपा म्हणून तोच भरू नका. व्यवसायाचं उत्पन्न त्यात दाखवता येत नाही, आणि ते ‘इतर उत्पन्ना’त ढकलणंही चूकच. ४४एडी या छोट्या व्यवसायांसाठीच्या तशाच कलमात उत्पन्न ६ टक्केच धरतात हे बघून हुरळू नका: डॉक्टर, वकील, इंजिनिअर, आर्किटेक्ट यांना ते कलम लागूच होत नाही. सेवांसाठी २० लाखांची मर्यादा जीएसटी नोंदणीची आहे, आयकराचा तिच्याशी संबंध नाही. आपल्या कामाचे पैसे बायकोच्या किंवा भावाच्या खात्यात मागवणं मला मुळीच पटत नाही. काम तुम्ही केलंत, तर उत्पन्नही तुमचंच धरलं जातं. आणि रिटर्न भरल्यावर ३० दिवसांत ई-व्हेरिफाय करा, म्हणजे तो तुमचाच असल्याची ऑनलाइन खात्री द्या.

रिटर्न भरायला बसण्याआधी आयकर खात्याकडची तुमच्या उत्पन्नाची आणि कापलेल्या कराची पत्रकं, म्हणजे एआयएस आणि २६एएस, डाउनलोड करा, आपल्या बिलांशी एकेक ओळ ताडून बघा. एखादा आकडा जुळत नसेल, तर ज्याने टीडीएस कापला त्याला आधी फोन करा आणि फॉर्म तोवर बाजूला ठेवा.