कार्डशीटचं मिग-२१, १:५० मापात

कार्डशीटचं मापात बसणारं पहिलं विमान करायचं असेल, तर मिग-२१ घ्या. अंग म्हणजे सरळ गोल नळी, पंख त्रिकोणी, नाकात एक शंकू. अवघड वळणं जवळजवळ नाहीतच. शिवाय आम्हां नाशिककरांना ते जवळचं आहे. १९६४ साली ओझरला एचएएलचा (हिंदुस्तान एरोनॉटिक्सचा) कारखाना उभा राहिला तो याच विमानासाठी, आणि अजूनही लोक गावाचं नाव ‘ओझर मिग’ असंच सांगतात. २६ सप्टेंबर २०२५ला चंदीगडला हवाई दलाने या विमानाला निरोप दिला. माझ्या कागदकामाच्या वर्गात त्यानंतर मुलं हेच विमान मागतात, आणि मलाही तेच शिकवायला आवडतं.

मी १:५० माप धरते, कारण हिशेब तोंडी होतो. खऱ्या विमानाचा एक मीटर म्हणजे कागदावर दोन सेंटिमीटर. मिग-२१च्या ‘बिस’ या प्रकाराची लांबी १४.७ मीटर, पंखांचा विस्तार ७.१५ मीटर, उंची ४.१ मीटर. म्हणजे आपलं विमान २९.४ सेंमी लांब, १४.३ सेंमी रुंद आणि ८.२ सेंमी उंच. आधी बाजूने आणि वरून दिसणारी आकृती या मापात काढून भिंतीला लावा. पुढची सगळी मापं तिच्यावरून घ्यायची.

सामान साधंच: १८० ते २०० जीएसएमची (म्हणजे चौरस मीटरला तितके ग्रॅम वजनाची) करडी कार्डशीट, जुन्या वहीचा पुठ्ठा, कटर, स्टीलची पट्टी, संपलेली रिफिल, फेविकॉल आणि सायकलचा एक सरळ स्पोक. कार्डशीट पांढरी घेऊन नंतर रंगवू नका. पाण्याचा रंग लागला की नळीला पोक येतो.

कापण्याआधी कागद दोन्ही बाजूंनी हलकेच वाकवून बघा. एका बाजूने तो सहज वळतो, दुसऱ्या बाजूने अडतो. सहज वळतो त्या दिशेनेच नळी गुंडाळायची. उलट्या दिशेने गुंडाळलेल्या नळीवर बारीक कोन पडतात आणि ते कशानेही जात नाहीत.

आता अंग. माझा सगळ्यात जास्त वेळ इथे जातो आणि जायलाच हवा. नळी सरळ आली नाही तर पंख कितीही छान करा, विमान वाकडंच दिसतं. मधला भाग २५ मिमी व्यासाचा धरा. पुठ्ठ्याच्या २५ मिमीच्या चकत्या कापा आणि प्रत्येकीच्या मध्यबिंदूला स्पोक जाईल एवढंच भोक पाडा. त्यांच्यावर बसणाऱ्या कागदाची रुंदी ७९ मिमी. परिघ येतो साडेअठ्ठ्याहत्तर, उरलेलं कागदाच्या जाडीसाठी. कडेवर कड चढवून चिकटवू नका, बाहेर उंचवटा दिसतो. आतून ८ मिमीची पट्टी लावा आणि दोन्ही कडा तिच्यावर एकमेकींना भिडवा.

नाकाचा भाग निमुळता आहे: ६० मिमी लांबीत व्यास २५वरून १८ मिमीवर येतो. त्याचा कागद पंख्याच्या आकाराचा. एकाच केंद्रातून २१४ आणि १५४ मिमी त्रिज्येचे कंस काढा, मधला कोन २१ अंश. शाळेचा कंपास एवढा उघडत नाही. कार्डशीटच्या लांब पट्टीला त्या अंतरांवर भोकं पाडा, एकात टाचणी, दुसऱ्यात पेन्सिल.

उरलेल्या लांबीचे तीन तुकडे करा. प्रत्येकाच्या दोन्ही तोंडांना चकती बसवा, सगळे तुकडे स्पोकवर ओवा आणि मगच एकमेकांना चिकटवा. चिकटवण्याआधी कागदाच्या कापलेल्या पांढऱ्या कडांवरून करडी रंगीत पेन्सिल फिरवा. एवढ्याने सांधे दिसेनासे होतात. स्पोक रात्रभर आत राहू द्या, सकाळी ओढून काढा.

नाकातला शंकू काठाला टेकता कामा नये. खऱ्या विमानात त्याच्या भोवतीच्या फटीतून इंजिनाला हवा मिळते, वेगाप्रमाणे तो पुढे-मागे सरकतो, आणि रडारही त्याच्याच पोटात असतं. १५ मिमी त्रिज्येच्या वर्तुळातून १४४ अंशांची फोड कापून गुंडाळली की १२ मिमी बुडाचा शंकू मिळतो. तो आतल्या चकतीवर मधोमध लावा. भोवती सगळीकडे सारखी फट दिसली पाहिजे. या विमानाचा चेहरा म्हणजे ही फटच.

पंखाची पुढची कड ५७ अंश मागे झुकलेली आहे, मागची कड सरळ. अंगाला चिकटणारी बाजू १०० मिमी, टोकाची फक्त ९, आणि अंगापासून टोकापर्यंत ५९. वरचा आणि खालचा कागद एकाच तुकड्यात काढा, पुढच्या कडेवर रिफिलने रेघ दाबून घडी घाला. पंख फार पातळ आहे, फुगवू नका. आत पुठ्ठ्याची उभी पट्टी हवी. ती मागच्या कडेपासून २५ मिमी पुढे, अंगातून आरपार, दोन्ही टोकांच्या सेंटिमीटरभर अलीकडे संपणारी. मिगचे पंख टोकाकडे दोन अंश खाली उतरलेले असतात. आपल्या मापात टोक मुळापेक्षा २ मिमी खाली येतं. हा उतार पट्टी कापतानाच तिच्यात धरा, पंख चिकटवून मग वाकवायला जाऊ नका. पुष्कळ मॉडेलांत पंख सपाट असतात आणि विमान ओळखू येऊनही मिगसारखं वाटत नाही, ते यामुळेच.

शेपटीचे पंख आणि पोटाखालचा उभा पंख याच रीतीने होतात. उभी शेपटी गुण्या लावून काटकोनात सुकू द्या. पाठीचा उंचवटा आणि काचेची टोपी वेगळी करून वरून बसवा. हवाई दलाचं वर्तुळ बाहेर केशरी, मध्ये पांढरं, आत हिरवं. ते वेगळ्या कागदावर काढून चिकटवलं तर कडा स्वच्छ येतात.

नाकावरची लांब सळई सगळ्यांत शेवटी. उदबत्तीची काडी पॉलिश पेपरने घासून निमुळती करा आणि नाकाच्या वर, वैमानिकाच्या किंचित उजव्या हाताला लावा. चकत्यांचे आणि पंखांचे साचे पाकिटात घालून ठेवा. ओझरलाच तयार झालेलं आधीचं मिग-२१ एफएल करायला घेतलं, तर पाठीचा उंचवटा बारीक करावा लागतो. पंखांचे साचे मात्र तेच चालतात.