गोठ्यापर्यंतची वायर किती व्होल्ट खाते, ते असं मोजा

वाळवा, पलूस, मिरजेकडच्या मळ्यांत मीटर घरात आणि कडबाकुट्टी लांब गोठ्यात, ही मांडणी नेहमीची. बटण दाबलं की मशीन नुसतं गुंगतं, फिरत नाही. मग मोटार रिवाइंडिंगला जाते. त्याआधी वायर तपासा. व्होल्टला अँपिअरने भागलं की रोध मिळतो आणि गुणलं की वॅट मिळतात. एवढ्यावर बराचसा उलगडा होतो.

मल्टिमीटर, क्लॅम्प मीटर (वायरीभोवती धरून करंट मोजणारं) आणि १५०० वॅटचा पाणी तापवायचा रॉड घ्या. मोजणी मोटारीवर करू नका. तिच्या वाइंडिंगमुळे व्होल्ट भागिले अँपिअर हा नुसता रोध राहत नाही, वॅट काढतानाही पॉवर फॅक्टरने (व्होल्ट-अँपिअरच्या गुणाकारातला खरा वॅटचा वाटा) गुणावं लागतं. रॉडला ही भानगड नाही.

मल्टिमीटर एसी व्होल्टच्या ६०० किंवा ७५० रेंजवर ठेवा. लाल प्रोब व्होल्ट-ओहमच्याच भोकात हवा. तो १० अँपिअरच्या भोकात राहिला आणि सॉकेटला लावला, तर थेट शॉर्ट सर्किट होतं. चालू लाइनवर ओहमची रेंज कधीच लावू नका.

रॉड प्लॅस्टिकच्या बादलीत पाण्यात बुडवा, गोठ्यातल्या १६ अँपिअरच्या सॉकेटला लावा, मग बटण चालू करा. चालू असताना पाण्याला हात नको. क्लॅम्प मीटर फक्त फेजच्या वायरीभोवती धरा. फेज-न्यूट्रल दोन्ही आत आले तर आकडा शून्य दिसतो. त्यासाठी बोर्ड उघडावा लागला तर ते काम वायरमनकडूनच करून घ्या.

रॉड चालू ठेवूनच आधी घरचे व्होल्ट घ्या, मग गोठ्यातले, मग पुन्हा घरचे. लाइनचं व्होल्टेज मध्येच हललं असेल तर तिसऱ्या आकड्यात कळतं. त्या वेळी मोजणी पुन्हा करा.

समजा घरी २२८ व्होल्ट, गोठ्यात २१७, करंट ६.१ अँपिअर. वायरीत गेले ११ व्होल्ट. ११ ÷ ६.१ = १.८ ओहम, हा वायरीचा रोध. ११ × ६.१ = ६७ वॅट वाटेतच उष्णता होऊन गेले. रॉडला मिळाले २१७ × ६.१ = १३२४ वॅट.

आता ताळा करा. तांब्यासाठी ०.०१७२ ला मीटरमधल्या लांबीने गुणा आणि वायरीच्या छेदाच्या चौरस मिलिमीटरमधल्या क्षेत्रफळाने भागा. लांबी जाऊन-येऊन धरायची, इथेच बहुतेक जण चुकतात. गोठा ८० मीटरवर, वायर दीडची (म्हणजे १.५ चौरस मिलिमीटरची): ०.०१७२ × १६० ÷ १.५ = १.८३. जुळलं, म्हणजे वायर धड आहे, फक्त बारीक आहे. मोजलेला रोध ३ ओहम आला असता तर जादाचे १.२ ओहम बहुधा एखाद्या गंजलेल्या पिळाच्या जोडात असतात. १० अँपिअरला तिथे १० × १० × १.२ = १२० वॅट एका जागी तापतात आणि टेप वितळते. असा जोड कापून नवा करा.

धड पण बारीक वायरही मोटारीला पुरत नाही. दोन एचपीची मोटार सुरू होताना ३५ अँपिअर धरले तरी १.८ × ३५ = ६३ व्होल्ट वायरीत जातात. मोटारीला उरतात अंदाजे १६५. तिचा जोर व्होल्टेजच्या वर्गाप्रमाणे घटतो, म्हणजे २३० च्या मानाने तो निम्म्यावर येतो. चारची तांब्याची वायर टाकली तर रोध ०.७ ओहमच्या आसपास येतो आणि तेवढ्याच करंटला साधारण २४ व्होल्टच जातात.

वायर बदलल्यावर त्याच रॉडने पुन्हा मोजा. आकडा ०.७ च्या जवळ आला आणि मशीन तरीही गुंगत असेल, तर मग मोटार सुरू व्हायला मदत करणारा कपॅसिटर तपासा.