ई. कोलायचा ओरी लॅपटॉपवर कसा शोधायचा

ई. कोलाय हा आतड्यात राहणारा जिवाणू दोनात फुटायच्या आधी सगळ्या डीएनएची कॉपी काढतो, आणि ती कॉपी कुठूनही सुरू होत नाही, ४६ लाख अक्षरांच्या (ए, टी, जी, सी) गोल धाग्यावर एकच जागा ठरलेली असते, साधारण २४५ अक्षरांची, तिला म्हणतात ओरी-सी, थोडक्यात ओरी. ही जागा नुसता सिक्वेन्स, म्हणजे अक्षरांचा क्रम, वाचून सापडते, मला तर याचं अजून नवल वाटतं.

एनसीबीआय या मोफत जनुकीय डेटाबेसवरून के-१२ एमजी१६५५ या ई. कोलायच्या प्रयोगशाळेतल्या वाणाची फास्टा फाइल (अक्षरांचा क्रम साध्या मजकुरात) घ्या. पायथनमध्ये शून्यापासून सुरू करा, जी आला की एक मिळवा, सी आला की एक वजा, ए आणि टी सोडून द्या, आणि चालू बेरजेचा ग्राफ काढा. ग्राफ सगळ्यात खाली जातो तिथेच आसपास ओरी, ३९ लाख २० हजारांच्या थोडं पुढे. कॉपी तिथून दोन्हीकडे निघते आणि सलग बनणाऱ्या पट्टीत नि तुकड्यातुकड्याने बनणाऱ्या पट्टीत म्युटेशन सारखी होत नाहीत, म्हणून असंख्य पिढ्यांनंतर एकीकडे जी जास्त उरतो, दुसरीकडे सी.

आता तिथली मागची-पुढची पाचशे-पाचशे अक्षरं कापा आणि डीएनए-ए बॉक्स शोधा, म्हणजे कॉपी सुरू करणारं डीएनए-ए प्रोटीन जिथे बसतं तो नऊ अक्षरांचा शब्द: टीटीएटीसीसीएसीए. इथेच बरेच जण अडकतात, कारण सरळ शोधलं तर एकच सापडतो. समोरची जोडीदार पट्टी (ए समोर टी, जी समोर सी) उलट्या दिशेने पण वाचायची, म्हणजे टीजीटीजीजीएटीएए, की दुसरा मिळतो, आणि एका अक्षराची चूक चालवून घेतली की अजून दोन निघतात. डीएनए-ए प्रोटीन या बॉक्सवर बसतं आणि शेजारचा ए-टी ने भरलेला पट्टा उघडतं, ए-टी जोडीत हायड्रोजन बंध दोनच, जी-सी त तीन, म्हणून तो आधी सुटतो.

ओरीतले जीएटीसी पण मोजा. चार अक्षरांचा शब्द योगायोगाने २५६ अक्षरांत एकदा यावा, इथे २४५ मध्ये ११ वेळा आहे! कॉपी झाल्यावर नव्या पट्टीतल्या जीएटीसीवर थोडा वेळ मिथाइल (पेशी नंतर लावते ती छोटी रासायनिक खूण) नसतं, तेवढ्यात सेक-ए प्रोटीन येऊन ओरी धरून ठेवतं, म्हणून लगेच दुसरी कॉपी सुरू होत नाही.

यीस्टवर मात्र हा ग्राफ लावू नका. तिथे ओरी शेकडो, आणि तिथल्या ओरीत असते ती ११ अक्षरांची खूण जुळली तरी ती जागा चालेलच असं नाही. तिथे तो तुकडा यीस्टमध्ये चालणारा स्वतःचा ओरी नसलेल्या प्लाझमिडमध्ये (डीएनएच्या छोट्या गोल कड्यात) घालून यीस्टला द्यायचा, तुकड्यातला ओरी चालला तरच त्या प्लाझमिडची कॉपी होते, भरपूर वसाहती वाढल्या तर ओरी चालतो.