वेळापत्रक बदललं तरी एलिट दर्जा कसा मिळवावा

‘तुमच्या प्रवासात बदल झाला आहे’ असा एअरलाइनचा मेल येतो आणि खाली ‘मान्य’चं बटण असतं. वर्षअखेरीस एलिट दर्जा (नेहमीच्या प्रवाशांना एअरलाइन देते ते वरच्या श्रेणीचं सदस्यत्व) थोडक्यात राहिला असेल तर ते लगेच दाबू नका. बदल त्यांनी केला आहे, म्हणून तुमच्या सोयीचं दुसरं विमान मोफत मागण्याची संधी आत्ता आहे. एकदा ‘मान्य’ केलंत की बहुतेक वेळा ती संपते.

आधी हिशेब करा. दर्जा कशावर मिळतो हे प्रत्येक एअरलाइनचं वेगळं असतं. डेल्टामध्ये 2024 पासून फक्त खर्च मोजतात, त्यामुळे मार्ग बदलला तरी सहसा फार बिघडत नाही. सिंगापूर एअरलाइन्सच्या क्रिसफ्लायर या सदस्य योजनेत एलिट गोल्ड दर्जासाठी 12 महिन्यांत 50,000 एलिट माइल्स (दर्जासाठी मोजले जाणारे माइल्स) लागतात. तिथे अंतर आणि बुकिंग क्लास (तिकिटाच्या भाड्याचा वर्ग) दोन्ही महत्त्वाचे.

सगळ्यात जपायचं ते युनायटेडमध्ये. अमेरिकेतली अनेक मराठी कुटुंबं याच एअरलाइनने भारतात येतात, म्हणून तिचंच उदाहरण घेते. 2025 च्या नियमांनुसार प्रीमियर सिल्व्हर दर्जासाठी 15 पीक्यूएफ आणि 5,000 पीक्यूपी लागतात, किंवा नुसते 6,000 पीक्यूपी. पीक्यूएफ म्हणजे उड्डाणांची संख्या, पीक्यूपी म्हणजे भाड्यावरचे पॉइंट. शिवाय युनायटेडची स्वतःची किमान चार उड्डाणं हवीत.

आता समजा, तुमचं तिकीट कोलंबस–शिकागो–नेवार्क–दिल्ली असं होतं आणि नव्या वेळापत्रकात शिकागो गळलं. प्रवास सुटसुटीत झाला, पण जाऊन-येऊन दोन पीक्यूएफ गेले. भाडं तेच असल्याने पीक्यूपी सहसा तितकेच राहतात. म्हणजे त्यामुळे 15 ऐवजी 13 पीक्यूएफवर अडकणाऱ्या माणसाने शिकागोचा थांबा परत मागणंच शहाणपणाचं.

तारीखही पाहा. युनायटेडचं वर्ष जानेवारी ते डिसेंबर असतं आणि हिशेब उड्डाणाच्या दिवसाने होतो, बुकिंगच्या नव्हे. 31 डिसेंबरचं विमान 1 जानेवारीवर गेलं तर ते पुढच्या वर्षात मोजलं जाईल. अशा वेळी 30 किंवा 31 तारखेचंच दुसरं विमान मागा.

मग फोन करा. अ‍ॅपमध्ये मोजकेच पर्याय दिसतात. एजंटला त्याहून जास्त दिसतात. हवी ती उड्डाणं क्रमांकासह आधी लिहून ठेवा आणि ‘वेळापत्रक तुम्ही बदललंत, मला हे विमान द्या’ असं थेट सांगा. भागीदार एअरलाइनचं विमान सुचवलं तर बुकिंग क्लास विचारा, आणि युनायटेडच्या त्या चार उड्डाणांत घट होत नाही ना, तेही तपासा. फोन ठेवण्यापूर्वी तिकीट नव्याने इश्यू झालं का, हे विचाराच. कधी कधी बुकिंगमध्ये नवं विमान दिसतं, पण तिकीट जुनंच राहतं, आणि ते थेट विमानतळावर कळतं.

अमेरिकेतल्या आणि तिथे येणाऱ्या-जाणाऱ्या विमानांची वेळ देशांतर्गत प्रवासात तीन आणि आंतरराष्ट्रीय प्रवासात सहा तासांहून जास्त सरकली आणि तुम्हाला बदल नको असेल, तर पूर्ण परतावा मिळतो. पण परताव्याने दर्जाच्या खात्यात काहीच पडत नाही. त्याच पैशात वर्ष संपण्याआधी दुसरा प्रवास जमत असेल तरच परतावा घ्या.

काहीच जमलं नाही तर दिलेल्या मार्गाने जा आणि परतल्यावर मूळ मार्गाचे पॉइंट मागा. याला ‘ओरिजिनल राउटिंग क्रेडिट’ म्हणतात. ते देणं एअरलाइनच्या मर्जीवर असतं, तरी मागायला संकोच करू नका. मूळ तिकिटाची पावती, बदलाचा मेल आणि सगळे बोर्डिंग पास जोडा. मेल आला त्याच दिवशी जुन्या मार्गाचा स्क्रीनशॉट काढून ठेवा, कारण बदल मान्य झाल्यावर जुना मार्ग अ‍ॅपमधून नाहीसा होतो.