हिब्रू शब्दावरून शेवटचा काळ ओळखायला निघालात? आधी या चुका टाळा

२०२२ च्या फेब्रुवारीत युक्रेनमधे युद्ध पेटलं आणि नेमकी त्याच आठवड्यात आमच्या बायबल स्टडीत बोलायची पाळी माझी होती. मी फुल फॉर्मात. यहेज्केल संदेष्ट्याचा ३८ वा अध्याय काढला (शेवटच्या काळात उत्तरेकडून इस्राएलवर चालून येणाऱ्या सरदाराची भविष्यवाणी), मोबाईलवर हिब्रूचं अ‍ॅप उघडलं, "रोश" या शब्दावर बोट ठेवलं आणि सांगून मोकळा झालो की बघा, अडीच हजार वर्षांपूर्वी रशियाचं नाव लिहून ठेवलंय. सगळे गप्प. मग मागच्या बाकावरून बाई बोलल्या (रिटायर्ड शिक्षिका आहेत, अख्खी मंडळी त्यांना बाईच म्हणते), "अरे बाळा, मग यहुद्यांचं ते रोश हशाना म्हणजे रशियन नवीन वर्ष का रे?"

सगळे हसले, मीही हसलो, पण रात्री काही झोप लागली नाही. त्यानंतर हिब्रू जरा नीट शिकायला घेतली, अजून शिकतोच आहे, आणि ज्या चुका मी स्वतः केल्या किंवा फॉरवर्डमधे रोज दिसतात त्या इथे लिहितोय. भविष्यवाणीवर विश्वास ठेवू नका असं माझं म्हणणं नाहीये, माझा आहे. भांडण एवढंच आहे की शब्दाचा अर्थ तो ज्या वाक्यात बसलाय तिथे शोधायचा की सकाळच्या बातम्यांत.

रोश आणि रशिया

रोश म्हणजे डोकं. जुन्या करारात हा शब्द सहाशेच्या आसपास वेळा येतो आणि जवळपास सगळीकडे डोकं, शेंडा, प्रमुख, सुरुवात असाच अर्थ असतो. रोश हशाना म्हणजे वर्षाचं डोकं, आपण वर्षारंभ म्हणतो तेच. यहेज्केल ३८:२ मधे "नेसी रोश मेशेख वेतुवाल" असे चार शब्द ओळीने येतात, आणि त्याचे दोन अर्थ लागतात, एक "मेशेख आणि तुबाल यांचा मुख्य सरदार" आणि दुसरा "रोश, मेशेख आणि तुबाल यांचा सरदार". जुन्या ग्रीक भाषांतरात हे नाव धरलंय, जेरोम या जुन्या भाषांतरकाराच्या लॅटिन बायबलमधे "डोकं" असंच घेतलंय, आणि आजची भाषांतरंही अशीच दोन्हीकडे वाटली गेलीयेत. त्यामुळे रोश हे एखाद्या ठिकाणाचं नाव मानलं तर त्यात काही पाप नाही. चूक त्याच्या पुढच्या उडीत आहे.

रशिया हे नाव ज्या "रूस" लोकांवरून आलं त्यांचा उल्लेख सापडतो तो इसवी सनाच्या ९ व्या शतकापासून, आणि यहेज्केल बाबेलात बसून बोलत होता तो इ.स.पू. ६ व्या शतकात. मेशेख म्हणजे मॉस्को आणि तुबाल म्हणजे टोबोल्स्क हे तर अजूनच गंमतशीर, कारण मॉस्कोचा पहिला लेखी उल्लेख ११४७ चा आणि टोबोल्स्क वसलं १५८७ मधे. नुसता आवाज जुळला म्हणून जोडलेली नावं आहेत ही. अमेरिकेत १९०९ मधे निघालेल्या स्कोफिल्ड बायबलच्या तळटीपेत हे छापलं गेलं आणि तिथून घराघरात गेलं, बऱ्याच लोकांना तळटीप कुठे संपते आणि वचन कुठे सुरू होतं हेच कळत नाही. खरे मेशेख आणि तुबाल कुठे होते ते माहितीये. असिरियन लेखांत मुश्की आणि तबाल म्हणून येतात, आजच्या तुर्कस्तानात. आणि दूर कशाला जायचं, यहेज्केलनेच २७:१३ मधे त्यांना सोर शहराशी गुलामांचा आणि पितळेच्या भांड्यांचा व्यापार करताना दाखवलंय, म्हणजे त्याच्या श्रोत्यांना ही माणसं ओळखीची होती.

इथे हमखास कुणीतरी म्हणतं, पण "अगदी उत्तरेकडून" येईल असं लिहिलंय ना, नकाशावर यरुशलेमपासून सरळ वर रेघ मारा! मी मारली होती, पट्टी घेऊन. मूळ शब्द आहेत "यारकेते त्साफोन". हेच दोन शब्द स्तोत्र ४८:२ मधे सियोन डोंगरासाठी, म्हणजे खुद्द यरुशलेमसाठी आलेत. आता काय करता?

हिब्रू शोधताय, पण तो भाग हिब्रूत आहे का?

ही चूक इतकी साधी आहे की लाज वाटते. दानीएल २:४ च्या मधेच भाषा बदलते आणि ७ वा अध्याय संपेपर्यंत सगळं अरामी आहे, म्हणजे हिब्रूच्या जवळची पण वेगळी भाषा. पुतळ्याचं स्वप्न, अग्नीची भट्टी, भिंतीवरचं लिखाण, चार श्वापदं, सगळं. त्यामुळे "दानीएल ७ मधल्या हिब्रू शब्दाचा गुप्त अर्थ" असा व्हिडिओ दिसला की पुढे सरका. त्यातला "मनुष्याच्या पुत्रासारखा कोणी" हा शब्द "बर एनाश" आहे, अरामी. यहेज्केलाला देव नव्वदहून जास्त वेळा "बेन आदाम" म्हणून हाक मारतो ते हिब्रू. आणि प्रकटीकरण, बायबलचं शेवटचं पुस्तक, तर ग्रीकमधे लिहिलंय, म्हणजे "श्वापदाच्या खुणेचा हिब्रू अर्थ" वगैरे सांगणाऱ्याला आधी विचारा की तुम्ही नक्की कुठलं पुस्तक उघडलंय.

अजून एक, ज्याने माझे दोन तास खाल्ले होते. हिब्रू बायबलचे अध्याय-वचनांचे आकडे काही ठिकाणी आपल्या मराठी बायबलशी जुळत नाहीत. योएल २:२८, तो आत्मा ओतण्याचा प्रसिद्ध उतारा, हिब्रूत ३:१ आहे. मलाखीचा ४ था अध्याय हिब्रूत नाहीच, तो ३ ऱ्यातच चालू राहतो. वचन सापडत नसेल तर अ‍ॅप बिघडलेलं नाही, आकडा बघा.

नंबर बघून अर्थ लावणं

स्ट्रॉंगचा नंबर, म्हणजे बायबलमधल्या प्रत्येक मूळ शब्दाला दिलेला आकडा, सगळ्यांना माहितीये, पण स्ट्रॉंगचं पुस्तक ही मुळात शब्दसूची आहे, १८९० सालची. कुठला शब्द कुठे आला ते शोधायला बनवली होती. तिच्यात एकाच स्पेलिंगच्या रोशचे तीन वेगळे नंबर आहेत, ७२१८ डोकं, ७२१९ विष, ७२२० माणसाचं किंवा लोकांचं नाव. म्हणजे कुठला नंबर लावायचा हे आधीच कुणीतरी वाक्य वाचून ठरवलंय, आणि आपण तो नंबर बघून परत वाक्याचा अर्थ लावतो!

शिवाय लोक काय करतात, शब्दाखाली दिलेले सगळे अर्थ एकदम एकाच वचनात ओततात. मराठीत करून बघा. "वाट" म्हणजे रस्ता. "वाट बघ" म्हणजे थांब. "वाट लागली" म्हणजे बोंब. उद्या कुणी परदेशी माणूस डिक्शनरी घेऊन बसला आणि म्हणाला की "ती त्याची वाट बघत होती" यात मूळ मराठीनुसार रस्ता, प्रतीक्षा आणि सर्वनाश हे तिन्ही दडलंय, तर तुम्ही त्याला चहा पाजून घरी पाठवाल.

मूळ धातूचंही तेच. पाणिग्रहण म्हणजे लग्न, त्यातला पाणि म्हणजे हात, पण नळाला येतं ते पाणी वेगळं. हिब्रूत लेखेम म्हणजे भाकर आणि मिलखामा म्हणजे लढाई, दोन्हींत तीच तीन व्यंजनं. म्हणून बेथलेहेम हे "युद्धाचं घर" आणि तिथून शेवटचं महायुद्ध, असा एक मेसेज मला आलाय, खरंच. बेथलेहेम भाकरीचं घर म्हणूनच ओळखलं जातं, तेवढ्यावर राहू द्या.

पंडिता रमाबाईंनी केडगावात बसून अख्खं बायबल सोप्या मराठीत आणलं, तेव्हा आधी हिब्रू आणि ग्रीक भाषा शिकून घेतल्या. त्यांच्याकडे अ‍ॅप नव्हतं हे एका अर्थी बरंच झालं.

"शेवटले दिवस" म्हणजे दरवेळी जगाचा शेवट नाही

मूळ शब्द "आखारीत हायामीम". आखारीत हा आखार, म्हणजे मागे किंवा नंतर, यावरून. गंमत म्हणजे आपण मराठीत "मागच्या वर्षी" म्हणतो ते होऊन गेलेल्यासाठी, आणि "पुढे बघू" म्हणतो ते येणाऱ्यासाठी. हिब्रूत उलटं आहे. होऊन गेलेलं समोर असतं कारण ते दिसतं, प्राचीन काळाचा शब्द "केदेम" तोच पुढच्या बाजूचाही शब्द, आणि येणारा काळ पाठीमागे, कारण तो दिसत नाही. मला हे कळलं तेव्हा कितीतरी वेळ नुसता विचार करत बसलो होतो.

आता वापर बघा. उत्पत्ति ४९:१ मधे याकोब मुलांना बोलावून आखारीत हायामीममधे काय होईल ते सांगतो, आणि त्यातलं बरंचसं वंश देशात कुठे कसे राहतील याबद्दल आहे. ईयोब ४२:१२ मधे देवाने ईयोबाची आखारीत आशीर्वादित केली, म्हणजे त्याचं पुढचं आयुष्य. मग त्याला मेंढरं, उंट, मुलंबाळं झाली, जग संपलं नाही. यशया २:२ मधे तोच शब्द खूप मोठ्या अर्थाने येतो हेही खरं. "शेवट" यासाठी दुसरा सरळ शब्द आहे, "केत्स", आणि दानीएलात "एत केत्स", अंतसमय, तोच येतो. मराठीत दोन्हीकडे शेवट-अंत असं वाचून आपण एकच समजतो.

विमानं आणि इंटरनेट

दानीएल १२:४, पुष्कळ लोक इकडेतिकडे फिरतील आणि ज्ञान वाढेल. यावर लहानपणापासून ऐकत आलोय, आधी रेल्वे-विमानं, मग गूगल, आता एआय. क्रियापद आहे "येशोतेतू". हेच रूप आमोस ८:१२ मधे आहे, तिथे लोक समुद्रापासून समुद्रापर्यंत भटकतात, कशासाठी, तर परमेश्वराचं वचन शोधायला, आणि ते त्यांना मिळत नाही. प्रवासाची सोय झाल्याचं वर्णन नाहीये ते, कासावीस होऊन शोधणं आहे. दानीएलाला पुस्तक बंद करून शिक्का मारायला सांगितलंय त्याच वचनात, मग लोक काय धुंडाळतायत आणि कुठलं ज्ञान वाढणार हे त्याच्याच बाजूला लिहिलेलं आहे की.

तारीख काढणं

याचा सगळ्यात महागडा नमुना अमेरिकेतला. विल्यम मिलर नावाचा शेतकरी, मनाने प्रामाणिक माणूस. दानीएल ८:१४ मधे २३०० दिवसांनी पवित्रस्थान शुद्ध होईल असं त्याने इंग्रजीत वाचलं, एक दिवस म्हणजे एक वर्ष धरलं, इ.स.पू. ४५७ पासून मोजलं आणि पवित्रस्थान म्हणजे पृथ्वी असं ठरवलं. आधी येशूच्या परत येण्याचा हिशोब १८४३ च्या आसपास बसला, मग लक्षात आलं की शून्य साल नावाचं काही नसतं, आणि शेवटी त्याच्या अनुयायांनी २२ ऑक्टोबर १८४४ नक्की केली. काहींनी शेतातलं पीक काढलं नाही. तो दिवस आला आणि गेला. त्याला इतिहासात "मोठी निराशा" असं नावच पडलं.

हिब्रूत त्या वचनात "दिवस" हा शब्दच नाही. "एरेव बोकेर" आहे, संध्याकाळ-सकाळ, २३००. आणि आधीच्या तीन वचनांत सगळी चर्चा नित्य होमाबद्दल चालू आहे, जो रोज सकाळी आणि संध्याकाळी व्हायचा. म्हणून काही जण २३०० दिवस म्हणतात आणि काही ११५०, सकाळ एक संध्याकाळ एक असे होम मोजून. "शुद्ध होईल" हे पण "नित्सदाक" आहे, धातू त्सादाक, म्हणजे योग्य ठरणं, पूर्ववत होणं.

आणि याच दर्शनात दानीएलाला जो बकरा दिसतो तो कोण ते तर ८:२१ मधे देवदूताने स्वतःच सांगितलंय, "यावान"चा राजा. इथे आपल्या मराठी लोकांसाठी खास खड्डा आहे. यावान म्हणजे ग्रीस, आयोनियावरून आलेला शब्द, आणि आपला "यवन" पण मुळात तिथलाच. पण बखरींत यवन म्हणजे मुसलमान होऊन बसला, आणि मी एका भाऊंना ठामपणे सांगताना ऐकलंय की दानीएलात इस्लामचं नाव आहे. रोश-रशियाचाच हा गावठी भाऊ. आणि पवित्रस्थानाचं म्हणाल तर ग्रीक राजा अंतियोख चौथा याने इ.स.पू. १६७ मधे यरुशलेमचं मंदिर विटाळलं, १६४ मधे ते परत अर्पण झालं, हनुक्का सण त्याचाच. याच्या पलीकडे या भविष्यवाणीची अजून एक पूर्णता आहे का, यावर वाद घाला, खुशाल घाला, पण निदान इथून सुरुवात करून.

डब्ल्यू डब्ल्यू डब्ल्यू म्हणजे ६६६?

हिब्रूत वाव अक्षराची किंमत ६, म्हणून www म्हणजे ६६६, प्रकटीकरणातला श्वापदाचा आकडा, असं सांगतात. नाही हो. हिब्रूत आकडे जागेवर चालत नाहीत, अक्षरांची बेरीज होते. तीन वाव म्हणजे १८. ६६६ लिहायला ताव, रेश, सामेख आणि वाव लागतात, ४००, २००, ६० आणि ६. उलट "नेरोन केसार", म्हणजे रोमी सम्राट नीरो, हे हिब्रू अक्षरांत लिहून बेरीज करा, ५०, २००, ६, ५०, १००, ६०, २००. बरोबर ६६६. शेवटचा नून काढून "नेरो" केलं तर ६१६, आणि काही जुन्या हस्तलिखितांत खरंच ६१६ आहे. मला हे पटतं. सगळ्यांना पटत नाही.

हर्मगिदोन

शेवटच्या लढाईसाठी राजे जिथे जमतात ते हे ठिकाण. प्रकटीकरण १६:१६ स्वतः सांगतं की हे नाव इब्री आहे, म्हणजे इथे तरी हिब्रू बघायलाच हवी. हार म्हणजे डोंगर, मगिद्दो हे शहर. यहूदाचा राजा योशीया तिथेच लढाईत पडला, इ.स.पू. ६०९, आणि १९१८ च्या सप्टेंबरात ब्रिटिश सेनापती ॲलनबीच्या सैन्याने त्याच मैदानात तुर्कांना हरवलं, त्यात भारतीय घोडदळ होतं. पण तिथे डोंगर नाही! पुरातन वस्तीचं टेकाड आहे, इज्रेलच्या सपाटीच्या कडेला, आणि जखऱ्या १२:११ मधे तर "मगिद्दोनाचं खोरं" म्हटलंय. म्हणून काही अभ्यासक म्हणतात की हे मूळ "हार मोएद" असावं, यशया १४:१३ मधला सभेचा डोंगर. आणि त्याच वचनात पुढचे शब्द काय आहेत माहितीये? यारकेते त्साफोन. बाईंना हे दाखवलं तर चष्मा वर करून म्हणाल्या, "म्हणजे तुझी ती पट्टी आता यशयावर पण ठेव."