पन्हाळ्यावर दुर्बिणीचा आस ध्रुवाला लावताना

दुर्बिणीच्या खोक्यात मिळणारी पुस्तिका बहुधा 40-50 अक्षांशांवरच्या माणसासाठी लिहिलेली असते. त्याच्या आकाशात ध्रुवतारा अर्ध्या उंचीवर असतो. पन्हाळ्याचा अक्षांश 16.8, त्यामुळं इथं तो क्षितिजापासून जेमतेम 17 अंशांवर, हात लांब करून धरलेल्या मुठीच्या पावणेदोन पट उंचीवर दिसतो. इक्वेटोरियल माउंट (दुर्बिणीची बैठक, जिचा एक आस ध्रुवाकडे रोखला की त्याच्याभोवती दुर्बीण फिरवून तारे धरून ठेवता येतात) लावताना होणारा निम्मा त्रास या एका आकड्यातून येतो.

आधी जागा बघा. कोल्हापूरचा उजेड आग्नेयेला आहे. आपल्याला उत्तर मोकळी हवी, तिकडं झाड किंवा इमारत 10 अंशांच्या वर येता कामा नये. गडावर झाडी दाट आहे, त्यामानानं पश्चिमेचं मसाई पठार चहूबाजूंनी उघडं, पण वारा सोसायची तयारी ठेवा. किल्ला पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणात आहे, बुरुजावर रात्री तिवई लावायची तर परवानगी आधी काढा. हंगाम नोव्हेंबर ते फेब्रुवारी. नेमका हाच उसाचा हंगाम, त्यामुळं गुऱ्हाळांचा आणि जाळलेल्या पाल्याचा धूर खालच्या हवेत साचतो आणि 17 अंशांवरचा ध्रुव त्यातूनच बघावा लागतो. पाऊस पडून गेल्यावरची पहिली स्वच्छ रात्र वाया घालवू नका.

तिवई जांभ्याच्या कातळावर थेट टेका. माती असेल तर प्रत्येक पायाखाली फळीचा तुकडा घाला, नाहीतर दोन तासांत एक पाय रुततो आणि सगळं मुसळ केरात. पाणसळीनं तिवई सपाट करा. सपाट नसली तरी आस ध्रुवाला लागतो, पण मग उंचीचा बोल्ट फिरवला की दिशाही हलते आणि तुम्ही गोल फिरत बसता.

माउंट विकत घेण्याआधी त्याच्या अक्षांशपट्टीवरचा सर्वांत खालचा आकडा वाचा. काही माउंट 20 अंशांच्या खाली उतरतच नाहीत. उतरणाऱ्यांतही एक खोड असते: आस इतका आडवा झाला की काउंटरवेटचा, म्हणजे दुर्बिणीचा तोल सांभाळणाऱ्या वजनाचा दांडा जवळजवळ सरळ खाली येतो आणि पुढच्या बोल्टाला किंवा उत्तरेकडच्या पायाला अडतो. माउंटमध्ये सोय असेल तर दिशेची खुंटी (दिशेचे बोल्ट जिला रेटतात ती) काढून तिवई अशी फिरवा की एक पाय दक्षिणेला येईल आणि दांडा उरलेल्या दोन पायांच्या मधून जाईल. तेवढ्यानं भागलं नाही तर तिवई आणि माउंट यांच्यामध्ये खांबाचा जोडतुकडा बसवा. (कवलूरची 2.34 मीटरची वेणू बाप्पू दुर्बीण पन्हाळ्याहूनही दक्षिणेला आहे. तिच्या आसाचं उत्तर टोक घोड्याच्या नालेच्या आकाराच्या मोठ्या बेअरिंगवर टेकलेलं आहे.)

उंची दुर्बिणीची नळी चढवण्याआधीच 17 अंशांवर आणा. आस आडवा असताना सगळा भार उंचीच्या बोल्टावर येतो, नळी चढवून तो जोरानं फिरवला तर वाकतो. शेवटची दुरुस्ती नेहमी वर उचलत संपवा. जास्त वर गेलं तर आधी गरजेपेक्षा खाली आणा, मग पुन्हा वर.

दिशेसाठी फोनच्या होकायंत्रावर विसंबू नका. बसॉल्टचा खडक आणि माउंटचं लोखंड दोन्ही त्याला फसवतात. ध्रुवतारा डोळ्यानं शोधा. नंतर पोलर स्कोपमध्ये, म्हणजे माउंटच्या आसात बसवलेल्या छोट्या दुर्बिणीत बघा. त्यात अंधार दिसला तर काही माउंटमध्ये डेक्लिनेशनचा (दुर्बीण उत्तर-दक्षिण वळवणारा) आस 90 अंश फिरवून भोक उघडावं लागतं. इथं एक सुख मात्र आहे, मान वर वळवावी लागत नाही, गुडघे टेकले की पुरे.

ध्रुवतारा म्हणजे नेमका ध्रुवबिंदू नव्हे. तो सुमारे 38 कला (60 कला म्हणजे एक अंश) शर्मिष्ठेच्या बाजूला आहे. 20 डिसेंबरला रात्री साडेनऊच्या सुमारास तो बिंदूच्या बरोबर वर असतो. वातावरणही त्याला आणखी 3 कला उचलून दाखवतं. नुसतं बघणाऱ्याला एवढ्यानं फरक पडत नाही, पण फोटो काढायचे असतील तर पोलर स्कोपवर थांबू नका, ड्रिफ्ट करा, म्हणजे तारा कुठं सरकतो ते बघून आस सुधारा.

ड्रिफ्टसाठी उभ्या-आडव्या रेघांचं आयपीस लावा. नळी किंचित ध्रुवाकडे ढकला, तारा ज्या बाजूला सरकेल ती दक्षिण. मग मोटर सुरू ठेवून 5 मिनिटं बघा आणि पूर्व-पश्चिम सरकणं सोडून द्या.

पहिल्यांदा दिशा. दक्षिणेकडे, याम्योत्तर वृत्ताजवळ (उत्तर-दक्षिण डोक्यावरून जाणारी रेघ), खगोलीय विषुववृत्तावरचा, म्हणजे ध्रुवबिंदूपासून 90 अंशांवरचा तारा घ्या. आपल्याकडे तो 73 अंशांच्या आसपास, बराच वर मिळतो. तारा दक्षिणेला सरकला तर आसाचं टोक पूर्वेला गेलेलं आहे, ते पश्चिमेकडे वळवा. उत्तरेला सरकला तर उलट. एक अंशाची चूक असेल तर 5 मिनिटांत तारा सुमारे 75 विकला (60 विकला म्हणजे एक कला) हलतो, गुरूच्या बिंबाच्या दीड-पावणेदोन पट, म्हणजे नजरेतून सुटत नाही.

मग उंची. पूर्वेला 20 ते 30 अंशांवरचा, विषुववृत्ताजवळचाच तारा. 20 डिसेंबरला रात्री आठ वाजता मृगातल्या बाणाच्या तीन ताऱ्यांपैकी सर्वांत आधी उगवणारा तारा बरोबर तिथं, 26 अंशांवर असतो. दक्षिणेला सरकला तर आस खाली आहे, उचला. उत्तरेला सरकला तर उतरवा. नंतर दिशा पुन्हा एकदा तपासा. 5 मिनिटांत 5 विकलांच्या आत सरकत असेल तर चूक साधारण 4 कलांवर आली, थांबा.

पन्हाळ्यावरून आकाशातल्या ऑक्सिजनची 630 नॅनोमीटरची लाल दीप्ती टिपणाऱ्या सर्वाकाश कॅमेऱ्यांना हे काहीच करावं लागत नाही. भिंग आभाळाकडे केलं की झालं!

मध्यरात्रीनंतर दव. पुढं भिंग असलेल्या दुर्बिणीला व्यासाच्या दीडपट तरी लांब पुठ्ठ्याची किंवा फोमची नळी लावा आणि हीटरची पट्टी दव धरण्याआधीच सुरू करा. धरलेलं दव रुमालानं पुसू नका, धूळ भिंगावर घासली जाते. पोलर स्कोपचं पुढचं भिंगही विसरू नका. ध्रुव अचानक अंधुक झाला की लोक धुराला दोष देतात आणि झाकण लावायचं राहिलेलं असतं. परत आल्यावर ओली दुर्बीण पेटीत बंद करू नका, घरात उघडी ठेवून सुकू द्या.